पुलाच्या अलीकडे वळणारी बस

लंडनहून सत्ता खाली आमच्या भागात आली, तेव्हा तिने सगळ्यात आधी माझ्या बसला जांभळा रंग लावला.

मी हेझल लिडल. एकोणीस नंबरची बस चालवते, बावीस वर्षं झाली. आधी ती एका कंपनीची होती. तेव्हा तीन सीटा फाटलेल्या, एक खिडकी कायमची उघडी, आणि वेळापत्रक म्हणजे निव्वळ कल्पनाविलास. मग डेनसाइडला स्वतःचा मेअर मिळाला. गळ्यात सोन्याची साखळी घालून फिती कापतो तो जुना गावचा मेअर वेगळा. तो अजून आहे, जिथे केक असेल तिथे येतो. हा नवा मेअर अख्ख्या डेनसाइडचा, लोकांनी थेट मतं देऊन निवडलेला, आणि बस, रस्ते, घरबांधणी असलं सगळं त्याच्या हातात. नाव इयन प्राउडलॉक. बस ताब्यात घेणार असं त्याने निवडणुकीत सांगितलं होतं, आणि खरंच घेतल्या. खोटं कशाला बोलू, सुधारल्या. दर अर्ध्या तासाला गाडी, तिकीट स्वस्त, खिडक्या बंद होतात. बसच्या अंगावर मोठ्या अक्षरांत लिहिलं, 'तुमचे निर्णय तुमच्या दारात.'

फक्त थर्लवेलबाईंच्या दारातून बस गेली.

त्याचं असं झालं. आमचं हॅगबर्न ओढ्याच्या दोन्ही काठांवर आहे. खालचं हॅगबर्न डेनसाइडमध्ये. पूल ओलांडला की वरचं हॅगबर्न, ती फेलशायर काउंटी. फेलशायरलाही लंडनने विचारलं होतं, तुम्ही येता का या नव्या मेअरच्या कारभारात? फेलशायरवाले म्हणाले, नको, आम्ही हजार वर्षं आमचं आमचं बघतोय, अजून हजार बघू. कंपनीची फाटकी बस पूल ओलांडून, चढ चढून, थेट चॅपलच्या आवारापर्यंत जायची. मेअरच्या बसला मात्र हद्द लागू. ती पुलाच्या अलीकडे, खडी टाकलेल्या एका तुकड्यावर गोल वळते आणि माघारी येते. म्हणजे सत्ता अडीचशे मैल जवळ आली आणि बस सहाशे पावलं लांब गेली.

त्या सहाशे पावलांच्या टोकाला, चॅपलला लागून, थर्लवेलबाईंचं घर. बाईंचं वय एक्क्याऐंशी. मला पहिलीत त्यांनी शिकवलं, म्हणून मी चौपन्न वर्षांची घोडी झाले तरी त्यांना ऑड्री म्हणायला माझी जीभ वळत नाही. वरच्या हॅगबर्नातल्या बाकी सगळ्या घरांपुढे मोटारी आहेत; बाईंनी गाडी कधी चालवली नाही. आणि बाई हॅगबर्न खाणीच्या बँडमध्ये यूफोनियम वाजवतात. यूफोनियम म्हणजे कडेवर गुटगुटीत पोर घ्यावं तसं पोटाशी धरून फुंकायचं पितळी वाद्य, आणि पेटीसकट वजनही तसंच. खाण बंद पडून चाळीस वर्षं झाली, पण बँड कोणी बंद केला नाही, कारण तो बंद करायचा अधिकार लंडनला नव्हता. मंगळवारी आणि गुरुवारी खालच्या हॅगबर्नात तालीम. बाईंनी आजवर तीन तालमी चुकवल्यात. दोन बाळंतपणाच्या आणि एक नवऱ्याच्या अंत्यविधीची.

फेब्रुवारीत त्या चढावर बाईंचा पाय सरकला. गुडघ्यावर आपटल्या. यूफोनियम मात्र त्यांनी वर धरलं होतं, त्याला ओरखडासुद्धा नाही. दक्षिणेत रेडिंगला त्यांचा मुलगा असतो, कीथ. तो धावत आला, आणि बाईंच्या स्वयंपाकघरात बसून माझ्यासमोरच बोलला.

"आई, सप्टेंबरच्या भाजी प्रदर्शनापर्यंत बघू. तोवर बस दारात आली तर राहा इथे. नाहीतर माझ्याजवळ एक फ्लॅट बघून ठेवलाय. तळमजला आहे. लिफ्टपण आहे."

"तळमजल्यावर लिफ्ट कशाला रे?"

"आई, मुद्दा तो नाहीये."

"तिथे बँड आहे का?"

कीथने चहाचा कप उचलला. वाईट नाही तो. आईला काही झालं तर आपण अडीचशे मैलांवर असणार, ही भीती त्याच्या चेहऱ्यावर उघड दिसत होती. पण मला काय वाटलं ते सांगते. मला वाटलं, या बाईला इथून उपटून नेलं तर ती वर्षभरसुद्धा टिकायची नाही, आणि त्याचं कारण कोणत्याही दाखल्यावर लिहिलं जाणार नाही.

मी पत्रं लिहिली. मेअरच्या कार्यालयाने कळवलं की आपल्या भावना आम्ही पूर्णपणे समजू शकतो, परंतु हद्दीबाहेर थांबा देता येत नाही. फेलशायरने कळवलं की बस हा मेअरचा विषय आहे. सरकारी काम आणि सहा महिने थांब म्हणतात, ते मी समजू शकते. पण सप्टेंबर सहा महिन्यांच्या आत येत होता.

एप्रिलमध्ये मेअर स्वतः माझ्या बसमध्ये चढला. महिन्यातून एकदा तो कुठल्यातरी बसने फिरतो आणि लोकांची गाऱ्हाणी ऐकतो. सहा फूट दोन इंच उंची, रुंदीही बेताची नाही. दारातून जरा तिरका होऊनच आत आला. मी त्याला बाईंची हकिकत सांगितली. त्याने मन लावून ऐकली, वहीत लिहिली आणि म्हणाला, "बघतो." या माणसाने दर थांब्यावर एकदा 'बघतो' म्हटलं होतं. माझं डोकं फिरलं. पण ड्रायव्हरने डोकं फिरलं तरी हात स्थिर ठेवायचे असतात.

"मेअर, पुढच्या महिन्यात आमच्याकडे हद्द ठोकायची आहे. येता का?"

"म्हणजे काय करायचं?"

"गावाच्या शिवेवरून चालायचं. शिवेचे दगड आले की काठीने ठोकायचे. शेवटी बिअर."

"आणखी काही?"

"आणखी काय असणार?" मी आरशात बघत म्हणाले.

आता हद्द ठोकण्याबद्दल खरं ते सांगते. सात वर्षांतून एकदा, मे महिन्यात, खालच्या हॅगबर्नचा सगळा गाव शिवेवरून चालतो. कागद नव्हते त्या काळी शिव लक्षात राहावी म्हणून हे सुरू झालं. प्रत्येक दगडाशी हद्दीच्या वहीतला मजकूर वाचतात. आणि मग जत्थ्यातल्या सगळ्यात नव्या माणसाला हातापायाला धरून उचलतात आणि बूड त्या दगडावर तीनदा आपटतात. दर आपटीला त्याने तो मजकूर मोठ्याने म्हणायचा. पूर्वी पोरांना आपटायचे, कारण पोरं सगळ्यात जास्त वर्षं लक्षात ठेवणार. हल्ली जो नवा असेल तो.

मेच्या त्या सोमवारी मेअर आला. बरोबर कार्यालयातल्या वकीलबाई, साध्या बुटांत. पुढे स्टॅन डॉबी, हद्दीची वही काखेत घेऊन. स्टॅन खाणीतला जुना माणूस, पुलाजवळच राहतो, आणि लीक लावतो. लीक म्हणजे कांद्याच्या भाऊबंदांतली ती जाड बुंध्याची भाजी. पण डेनसाइडमध्ये ती नुसती भाजी नाही. प्रदर्शनासाठी मांडीएवढे लीक वाढवणारे लोक आहेत आमच्याकडे, आणि आपल्या लीकना काय पाजतात ते बायकोलासुद्धा सांगत नाहीत.

पहिल्या चार दगडांवर आम्ही नव्या पाद्रीबुवांना आपटलं. मेअर पोट धरून हसत होता. पाचवा दगड पुलाच्या तोंडाशी. त्याचं नाव गार आजी. तिथे थर्लवेलबाई पलीकडून पूल उतरून येऊन, घडीच्या खुर्चीवर यूफोनियम घेऊन बसल्या होत्या. त्यांनी सुरुवातीचा सूर दिला, तशी मी मेअरकडे वळले.

"पाद्रीबुवा जानेवारीत आलेत. तुम्ही आज आलात. म्हणजे सगळ्यात नवे तुम्ही."

"अगं, तू तर म्हणालीस आणखी काही नाही!"

"विसरले."

सहा जण लागले त्याला उचलायला. बँडचा ढोलवाला उजव्या पायाला होता. तो नंतर आठवडाभर पाठ धरून चालत होता. पण मेअर खिलाडू निघाला. हवेत आडवा पडल्यापडल्याच म्हणाला, "टोपी धरा कोणीतरी." स्टॅनने वही उघडून वाचलं, "गार आजीपासून ओढ्याच्या काठाने, रस्त्याकडेच्या चरापर्यंत, कोपरा डॉबीच्या बागेचा."

धप्प. "गार आजीपासून ओढ्याच्या काठाने, आई गं, चरापर्यंत, कोपरा डॉबीच्या बागेचा!"

धप्प. "गार आजीपासून... कोपरा डॉबीच्या बागेचा!"

धप्प. "कोपरा डॉबीच्या..." आणि मेअर मध्येच थांबला. "थांबा. खाली ठेवा मला. हा कोपरा?"

खाली ठेवला. तो एका हाताने मागे चोळत त्या खडीच्या तुकड्याकडे बघत राहिला.

"इथे तर माझी बस वळते."

सगळं गाव खडीकडे वळलं. मग स्टॅनने वहीत पाहिलं, खडीकडे पाहिलं, पुन्हा वहीत पाहिलं. "अरेच्चा. जन्मात सात वेळा मी हे वाचलंय. एकदाही कानात गेलं नाही."

दुसरं काय होणार? दर सात वर्षांनी सगळे ते शब्द म्हणायचे आणि बिअरची वाट बघायचे. जुन्या खाणीने तिथे ट्रक वळवायला खडी टाकली, स्टॅनच्या बापाने काही म्हटलं नाही, खाण गेली, खडी राहिली. आणि नकाशा बनवणाऱ्यांनी तो तुकडा रस्त्याचाच धरला.

वकीलबाईंचा चेहरा पडला. मेअर मात्र गोड हसून म्हणाला, "मिस्टर डॉबी, तुमची हरकत नसेल ना? आपण रीतसर कागद करू."

स्टॅन भला माणूस. 'छे छे, हरकत कसली' हे त्याच्या ओठांवर आलेलं मला दिसलं. मी त्याच्या पायावर पाय दिला. माझे बूट ड्रायव्हरचे आहेत, जाड तळव्यांचे.

"स्टॅन, परवा तू म्हणत होतास ना, लीकना ऊन पुरत नाही? इथे बघ कसं दिवसभर ऊन आहे."

स्टॅनने माझ्याकडे पाहिलं. मग पुलापलीकडच्या चढाकडे पाहिलं. मग खुर्चीवर बसलेल्या बाईंकडे. खाणीतली माणसं बोलतात कमी, पण अंधारात काम करून त्यांना इशारे लवकर कळतात.

"हो तर," तो म्हणाला. "ऊन झकास आहे. मेअरसाहेब, माफ करा. मी इथे लीक लावणार."

"ही बस जाते हो इथून! मग ती वळणार कुठे?"

"त्याचं मला काय? पलीकडे चॅपलचं आवार आहे म्हणतात."

मेअरने खडीकडे पाहिलं, मग स्टॅनकडे. तोही इथलाच. डेनसाइडमध्ये माणसाच्या लीकवर हात टाकून कोणी दुसऱ्यांदा निवडून आलेलं नाही, हे त्याला कुणी शिकवायला नको होतं. त्याने वकीलबाईंना विचारलं. त्या म्हणाल्या, हद्दीपलीकडे थांबा देता येत नाही. पण नुसतीच रिकामी बस वळवायला सार्वजनिक रस्त्याने न्यायची, तर त्याला कोणाची परवानगी लागत नाही.

"रिकामी?" मी विचारलं.

"पूर्ण रिकामी. सगळे प्रवासी पुलाशी उतरले पाहिजेत."

दगडापेक्षा वीट मऊ, असं म्हणून मी गप्प बसले.

जूनमध्ये स्टॅनने खडी उकरून चर खणला आणि लीक लावले, आणि माझी बस पुन्हा पूल ओलांडू लागली. रिकामी. आता डोळ्यांसमोर आणा. जांभळी बस, चाळीस सीटा, चाळीसही मोकळ्या, अंगावर 'तुमचे निर्णय तुमच्या दारात', चढावर गोगलगायीच्या चालीने चाललीय. आणि तिच्या शेजारून, हातात काठी घेऊन, एक्क्याऐंशी वर्षांच्या बाई पायी चढतायत. यूफोनियम मात्र बसमध्ये. ते प्रवाशाचं विसरलेलं सामान म्हणून मी नेत होते, आणि विसरलेलं सामान मालकाला परत देणं हे ड्रायव्हरचं कर्तव्यच आहे. मी खिडकी उघडून त्यांच्याशी गप्पा मारत मारत बस चालवायची.

जुलैत एका गुरुवारी बाई अर्ध्या चढावर थांबल्या आणि रस्त्याकडेच्या दगडी भिंतीवर बसल्या. चेहरा पांढरा पडला होता. मी बस थांबवून दार उघडलं.

"बाई, बसा आत."

"नाही."

"कोणी बघत नाहीये."

"हेझल, पहिलीत तू पेन्सिल चोरलीस तेव्हाही हेच म्हणाली होतीस. नियम आहे तो. तुझी नोकरी जाईल."

"गेली तर गेली!"

"आणि मग मंगळवारी माझं यूफोनियम कोण आणणार?" त्या हसायला गेल्या, पण हसू पुरतं आलं नाही. गुडघा दाबत म्हणाल्या, "कीथचं चुकत नाहीये गं. चढ तोच आहे, मीच उतरलेय."

मी खाली उतरले आणि त्यांच्या शेजारी भिंतीवर बसले. रागाने मला रडू येत होतं. समोर माझी बस दार उघडं टाकून रिकामी उभी होती. आम्ही दहा मिनिटं तशाच बसलो. त्या दिवशी एकोणीस नंबर दहा मिनिटं उशिरा धावली, आणि कारणाच्या रकान्यात मी 'चढ' असं लिहिलं.

त्या रागातच पुढच्या आठवड्यात माझ्या हातून एक गोष्ट घडली. चॅपलचं आवार लहान. तिथे गोल वळता येत नाही, बस मागे घ्यावी लागते. मागे घेताना मी चॅपलचा सूचनाफलक आडवा केला. 'प्रभू तुमची वाट पाहत आहे' असं त्यावर लिहिलं होतं. लगेच डेपोतून फर्मान आलं. नियमाप्रमाणे बस मागे घेताना मागे उभं राहून इशारे देणारा माणूस हवा. तसा इशारेवाला द्यायला डेपोकडे माणूस नाही. सबब एक ऑगस्टपासून एकोणीस नंबर हॅगबर्नपर्यंत येणारच नाही, दोन मैल अलीकडे, पेट्रोल पंपावरूनच वळेल.

म्हणजे दैव देतं आणि कर्म नेतं, आणि कर्म माझं! बाईंची बस आणायला निघाले आणि अख्ख्या गावाची घालवून बसले. त्या रात्री मला जेवण गेलं नाही.

जुलैच्या शेवटच्या शनिवारी मेअरची लोकांशी गाठ होती, आमच्याच लीक क्लबच्या हॉलमध्ये. गर्दी इतकी की लोक बिलियर्डच्या टेबलाला टेकून उभे. मेअर आला आणि खुर्चीकडे बघून म्हणाला, "मी उभाच राहतो. हॅगबर्नात आलो की मला बसवत नाही." हॉल हसला. मागून कोणीतरी ओरडलं, "शहाण्याला शब्दाचा मार पुरतो, मेअरला दगडाचा लागतो!" तोही हसला.

मग मी उठले आणि सगळं सांगितलं. फलक मीच पाडला, हेही सांगितलं. शेवटी म्हटलं, "मेअर, लंडनमधल्या कोणाला हा चढ दिसणार नाही, म्हणून तर आम्ही तुम्हाला निवडलं. तुम्हाला तो दिसलाय. तुमच्या बुडाला ठाऊक आहे हद्द कुठे आहे."

मेअरचा हात आपोआप मागे गेला.

"खरं सांगू?" तो म्हणाला. "माझ्या वहीत तीनशे 'बघतो' आहेत, आणि त्यातले अर्धे मी विसरलोय. पण ती गार आजी काही विसरता येत नाही. तीन दिवस उशीवर बसून बैठका घेतल्या मी." मग वकीलबाईंकडे वळला. "इशारेवाला कर्मचारीच हवा? की शिकवलेला स्वयंसेवक चालेल?"

वकीलबाईंनी कागद चाळले. त्यांना एवढा वेळ लागला की बारमनने तेवढ्यात दोन पेले भरले. "चालेल. डेपोत अर्धा दिवस शिकून घ्यावं लागेल."

"आणि इशारेवाला रिकाम्या बसमध्ये बसू शकतो?"

"बसू शकतो काय, बसलाच पाहिजे. तो कामावर असतो. तो प्रवासी नाही."

हे वाक्य बोलून झाल्यावर त्यांचं त्यांनाच कळलं आपण काय बोललो ते, आणि मी त्या बाईंना पहिल्यांदा हसताना पाहिलं.

मेअर सावकाश म्हणाला, "मग पुलापलीकडे राहणारं, वेळेचं पक्कं, कडक शिस्तीचं असं कोणी आहे का इथे?"

अख्खा हॉल वळला. थर्लवेलबाई, सभेआधी वाजवायला आलेल्या बँडच्या रांगेत, यूफोनियम मांडीवर घेऊन बसल्या होत्या. त्यांनी आधी मागे वळून पाहिलं, सगळे कोणाकडे बघतायत ते. मग त्यांना उमगलं.

"मी? अहो, माझा आवाज आता दोन बाकांपलीकडे जात नाही. बसच्या इंजिनापुढे कसा ऐकू येणार?"

"बाई," मी म्हणाले, "मांडीवर काय आहे तुमच्या?"

त्यांनी खाली पाहिलं, यूफोनियम उचललं आणि एकच सूर फुंकला. बारमनच्या हातातला पेला हिंदकळला. एवढा मोठा जयजयकार त्या हॉलमध्ये लीक चार किलोचा निघाला तेव्हासुद्धा झाला नव्हता.

डेपोत अर्ध्या दिवसाचं शिक्षण झालं. शिकवणारा मला नंतर म्हणाला, "हेझल, शिकवायला मी गेलो होतो, पण तिने मला सरळ उभं राहायला लावलं." बाईंना जांभळं जाकीट मिळालं, पाठीवर चकचकीत पट्टा. इशारे आम्ही ठरवून घेतले. एक लांब सूर म्हणजे ये मागे. दोन तुटक सूर म्हणजे थांब.

सप्टेंबरातला प्रदर्शनाचा शनिवार आला. बाईंनी कीथला फोनवर सांगितलं होतं की बस दारात येते. पण त्याला ते खरं वाटलं नव्हतं. आई राहावं म्हणून काहीही सांगेल, असं त्याला वाटलं. तो सकाळीच मोटार घेऊन आला, मागच्या सीटवर घडी केलेली पुठ्ठ्याची खोकी. घरी आई नाही. म्हणून गाडी चॅपलच्या आवारात उभी करून तो तिथेच थांबला.

अकरा वाजता मी पूल ओलांडला. चाळीस सीटांच्या बसमध्ये एकटी माझी इशारेवाली, पहिल्या सीटवर, ताठ. आवाराच्या तोंडाशी त्या उतरल्या, जाकीट नीट केलं, मागे जाऊन उभ्या राहिल्या. आणि बघतात तर बरोबर बस मागे घ्यायच्या जागेवर एक निळी मोटार आडवी.

दोन तुटक सूर. मी थांबले.

कीथ मोटारीला टेकून तोंड उघडं टाकून बघत होता. "आई?"

"कीथ, गाडी वाकडी लावलीयस."

"आई, हे काय घातलंयस तू?"

"नंतर. मी ड्युटीवर आहे. हलव ती आधी."

साठीला आलेला तो माणूस मुकाट्याने गाडीत बसला. बाईंनी त्याच्यामागे उभं राहून एक लांब सूर दिला. तो मागे आला. दोन तुटक, तो थांबला. मग मला लांब सूर मिळाला आणि मी बस मागे घेतली, नव्या सूचनाफलकापासून वीतभर अंतर राखून.

कीथ माझ्या खिडकीशी आला. हातात एक खोकं होतं, घडी उलगडलेलं. ते तो इकडून तिकडे फिरवत होता.

"हे रोज चालतं?"

"अर्ध्या तासाला एक. पण बाई आपल्याला जायचं असेल त्या फेऱ्यांनाच चढतात. बाकीच्या फेऱ्यांना वरच्या हॅगबर्नातले नवे स्वयंसेवक असतात. सात झालेत. दारासमोरून रिकामी बस जाताना बघून त्यांच्याही मोटारी गॅरेजमध्येच राहायला लागल्यात. फेलशायरने परवाच मेअरला पत्र लिहिलंय, खरोखरचा थांबा करता येईल का म्हणून."

"झाला तर? मग आईचं हे काम जाईल."

"थांबा झाला तरी बस मागे घ्यावीच लागणार ना? आवार काही मोठं होणार नाही."

तो आईकडे बघत राहिला. बाई चॅपलच्या पायरीवर बसून यूफोनियममधली वाफ झटकत होत्या. गाल लाल झाले होते. त्याच्या डोळ्यांत पाणी आलं, आणि त्याने ते लपवलं नाही.

"मी तिला न्यायला आलो होतो," तो म्हणाला.

"माहितीये मला."

"स्टॅनला विचार, त्याला लीक न्यायला खोकी हवीत का. माझ्याकडे बारा आहेत." मग तो बसचं दार धरून जरा घुटमळला. "मी येऊ का खाली प्रदर्शनाला, या बसमधून? आईबरोबर?"

"नाही," बाई मागून म्हणाल्या. "तू प्रवासी. पुलापर्यंत चालत ये."